विझत्या ताऱ्यापाशी बसलेल्यांबाबत

लिहून ठेवणार : श्रीमती भामाबाई कोम गेनबा भुरुक, वय सुमारे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे खडकवाडी, वेल्हे महाल, जिल्हा पुणे.

मी वरील भामाबाई आज माझ्या घराच्या ओटीवर, दिवसाउजेडी, कुणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता, पुऱ्या शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणारे कुंडलिकराव वेल्ह्यास कचेरीबाहेर बसून अर्ज लिहितात. मी सांगेन ते तसेच उतरवायचे असे त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतले आहे. त्यावरून आमची चहाआधीच थोडी वादावादी झाली. शेवटी असे ठरले की कायद्याचे शब्द, नवऱ्याच्या नावाआधीचे 'कोम'सुद्धा, त्यांचे आणि बाकीचे सगळे माझे. माझी शुद्ध ठिकाणावर असल्याची कोणास शंका असेल, तर कुंडलिकरावांनी चहात चार चमचे साखर घेतली, हे मी मोजले आहे, एवढे पुरे.

वय पुण्यातल्या पहिल्या प्लेगावरून काढले आहे. त्या साली मी आंबवड्यास माहेरी रांगत होते, असे माझी आई सांगे. मला स्वतःला दोनतीन वर्षे कमी वाटतात, पण सरकारी कागदात बाईने तरुण होऊ नये.

कलम पहिले. राहते घर, पुढची ओटी, मागची पडवी व गोठा ही मिळकत माझा मुलगा सोपान यास द्यावी. दुसरा मुलगा नाही, त्यामुळे भांडण नाही. गोठ्यावरची कौले तो गेली सहा वर्षे 'या उन्हाळ्यात' चाळणार आहे. घर त्याच्या नावावर झाल्यावर निदान स्वतःच्या डोक्यावर गळते म्हणून तरी चाळील, अशी आशा आहे.

कलम दुसरे. जाते, पाटा-वरवंटा, भाताची कणगी आणि चुलीजवळची सगळी भांडी सून सगुणा हिची. तिने मला तीस-पस्तीस वर्षे सांभाळले आणि त्यात फक्त दोनदा तोंड वर करून बोलली. दोन्ही वेळा तिचे बरोबर होते. हे मी तिला कधी सांगितले नाही, ते इथे सांगते. तांब्याचा मोठा हंडा माझाच आहे, परंतु तो माझी चुलत जाऊ अंबूबाई हिच्याकडे आहे. तिने तो सोपानच्या लग्नात दोन दिवसांसाठी नेला होता. तो तिलाच बक्षीस द्यावा. ती परत करणार नाही, आणि न दिलेली वस्तू तिच्याकडे राहिली तर मला वर जाऊनही चैन पडणार नाही.

कलम तिसरे. ओढ्याच्या वळणावरचे भाताचे खाचर, जे माझ्या यजमानांनी माझ्या नावे करून दिले व ज्याच्या सातबाऱ्यावर आजही माझेच नाव आहे, ते पारूबाई कोम कुशाबा सोनवणे, राहणार खालची आळी, मौजे खडकवाडी, हिला द्यावे.

हे सगळे मृत्युपत्र मी या एका कलमासाठी करत आहे. घर आणि भांडी न लिहिताही ज्याची त्याला गेली असती. पारूबाईस मी हे खाचर दोनदा देऊ केले आणि दोन्ही वेळा नकार आला. पहिल्या वेळी ती नुसती 'न्हाई' म्हणून पाण्याचा हंडा घेऊन चालती झाली. दुसऱ्या वेळी काय म्हणाली ते पुढे येईल. ती घेते की नाही हे मी जिवंत असताना कळावे, एवढीच माझी गरज राहिली आहे. म्हणून आज तिला निरोप पाठवून बोलावले आहे. ती येईल की नाही हे सांगवत नाही. तोवर पुढचे लिहून घ्यावे.

कलम चौथे. हे कलम आभाळाबद्दल आहे. कुंडलिकरावांचे म्हणणे पडले की आभाळ ही मिळकत नाही, आणि जे मिळकत नाही ते मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, "बसत नसंल तर उबं ऱ्हाऊ द्या. पण लिवा." खाचर पारूबाईस का, हे त्याशिवाय कुणाला समजणार नाही.

माझी नात रतन, सोपानची मुलगी, भोरला मुलींच्या शाळेत शिकवते. दुष्काळाच्या आदल्या साली आषाढात ती रविवारी भेटायला आली आणि वाटेत दरड पडून एसटी बंद झाली. सहा दिवस ती इथे अडकली. पाऊस असा की अंगणातली तुळस ओटीवरून दिसेना. आम्ही दोघी चुलीपुढे बसलेल्या. मी तिला विचारले, पोरींना असे काय शिकवतेस की सरकार त्याचा पगार देते. ती म्हणाली, सध्या तारे शिकवते. बाहेर दोन महिने आभाळ म्हणून दिसायचे नव्हते, आणि ही तारे शिकवते. मी हसले. मग तिने मला चुलीवरच शिकवले.

ती म्हणाली की तारा म्हणजे एक चूल समज. आपला सूर्यही चूलच. आत जळण आहे तोवर ती एकसारखी जळते. जळण संपत आले की ती आधी बारीक होत नाही, उलट फुगते, तांबडी होते, आणि जवळ जे असेल ते भाजून काढते. हे मला लगेच पटले. शेवटचा ओंडका कोसळताना जाळ कसा अंगावर येतो हे जिने स्वयंपाक केला तिला शिकवावे लागत नाही. मग म्हणे वरचा सगळा जाळ धुरासारखा निघून जातो आणि मधे एक लहान गोळा उरतो. जळण नाही, ज्योत नाही, फक्त धग. तो इतका सावकाश निवतो की मोजणारे संपतील. रतनच्या पुस्तकात त्याला श्वेतबटू म्हणतात.

"म्हंजी राखेखालचा निखारा," मी म्हटले.

"व्हय आजी. त्योच," ती म्हणाली. भोरला ती शुद्ध बोलते, माझ्या चुलीपुढे बसली की माझ्यासारखी बोलते. एवढ्यासाठी मला ती आवडते.

इथवर मला मजा वाटत होती. मग तिने सांगितले की अशा ताऱ्याभोवती, जशी आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तशा काही पृथ्व्या फिरत असतील. जवळच्या आधीच होरपळल्या असतील. ज्या लांब होत्या, जन्मभर गोठलेल्या, त्यांच्यापर्यंत मरताना फुगलेल्या ताऱ्याची ऊब पोचली असेल, आणि त्यांच्यावरचे बर्फ थोडे दिवस वितळले असेल. तिचे थोडे दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षे. मग निखारा झाला की पुन्हा गारठा.

मी विचारले, तिथे कुणी राहते का.

ती म्हणाली, "आसंल बी. नसंल बी. आजून कुणी पायलं न्हाई."

निखाऱ्याजवळ किती सरकून बसावे लागेल, हे मी विचारले. माझ्या परीने तो नेमका प्रश्न होता. चुलीत निखारा उरला की मांजर थेट राखेत जाऊन बसते, पिलेसुद्धा तिथेच आणून ठेवते. ओणवी होऊन मी तिला दरवर्षी हाकलते. तर मांजराला कळते ते तिथल्या जिवांना कळत असेल. रतन हसली आणि म्हणाली की अगदी खेटून बसावे लागेल. आपण सूर्यापासून जितके लांब, त्याच्या शंभराव्या हिश्शावर. तिथे कुणी असेल तर खेटून बसलेलेच असेल.

"आन् निखारा निवला की आनखी म्होरं सरकायचं," मी म्हटले.

"न्हाई. ग्रहाला सरकता येत न्हाई. ज्यो जितं हाय त्यो तितंच फिरायचा."

यानंतर मी तिला दोन दिवस काही विचारले नाही. तिला वाटले म्हातारीला कंटाळा आला. मला गुडघे पोटाशी घेऊन बसलेले कुणीतरी दिसत होते. समोर धग आहे, कमी कमी होते आहे, आणि पुढे सरकता येत नाही. तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांपुढून गेलेले नाही. असे कुणी असेल तर त्याचे हाल मला सोसत नाहीत. आणि कुणीच नसेल, तर एवढ्या आभाळभर विस्तव विखुरलेला आणि शेकायला एक जीव नाही, हेही मला सोसत नाही. सोपानने मला वेल्ह्याच्या डॉक्टरला दाखवले. डॉक्टरने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तांबड्या होत्या. मी कोंबड्यांना घातल्या.

त्याच साली पौषात रतन पुन्हा आली. दिवेलागणीनंतर तिने अंगणातून तिकांडे, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, दाखवले. तिकांडे मला लहानपणापासून ठाऊक आहे, खळ्यावर वेळ त्यानेच कळायची. त्याच्यामागे जो लखलखीत तारा येतो तो व्याध, आणि त्या व्याधाच्या शेजारी असाच एक निखारा आहे, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, मोठ्या दुर्बिणीतून दिसला आहे, असे ती म्हणाली. त्याच्याभोवती कुणी आहे का, याचा मात्र कुणाला पत्ता नाही. मी बराच वेळ बघत उभी राहिले. रतन म्हणाली, आजी, मान दुखेल. मान दुखत नव्हती.

कलम पाचवे. वरील ठिकाणी, किंवा तशा दुसऱ्या कुठल्याही निखाऱ्याभोवती, कुणी असल्यास त्यांच्यासाठी. कुंडलिकरावांनी विचारले की वारसाचे नाव, गाव, महाल. मी सांगितले, राहणार तिकांड्याच्या मागे, नाव समजलेले नाही. त्यांनी दौत बाजूला ठेवली आणि पुन्हा जवळ घेतली, हेही लिहावे.

त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही. परंतु रतन सांगते की पुढेमागे माणसे अशा ठिकाणी निरोप धाडतील. जुन्नरच्या बाजूला तसे निरोप धाडता येतील अशी एक मोठी लोखंडी परात आभाळाकडे तोंड करून उभी केली आहे, ती सध्या तार-टेलिफोनच्या कामी आहे. तर माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडून निरोप जाईल तेव्हा तो फुशारकीचा जाऊ नये. आमच्याकडे डोंगर आहेत, किल्ले आहेत, आम्ही चंद्रावर माणूस उतरवला, हे सांगावे. आणि आमच्याकडे विस्तव होता व मागायला आलेल्याला आम्ही दिला नाही, हेही सांगावे. त्यांनी आमच्याकडे काही मागायचे ठरवले तर आधी माहीत असावे.

कलम सहावे. आता ते सांगते. हे सांगण्याआधी मी पाणी प्यायले.

लढाईचे साल होते, एकोणीसशे त्रेचाळीस. श्रावणात अकरा दिवस पाऊस उघडला नाही. रॉकेल मिळत नव्हते, काडेपेटी तर बघायला मिळत नव्हती, आणि होती तिच्या काड्या सादळलेल्या. वाडीतल्या चुली एकेक करून विझल्या. माझी चूल जिवंत होती, कारण घरात बाळंतीण होती. सगुणाला पहिली मुलगी झाली होती, तीच ही रतन. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी लागते म्हणून मी जळण आधीच पोटमाळ्यावर सुकवून ठेवले होते. यजमान आदल्या वर्षी वारलेले. घरात शब्द माझा चालत होता.

आमच्यात असा रिवाज आहे की बाळंतीण झालेल्या घरातला विस्तव बाराव्या दिवसाच्या आत बाहेर द्यायचा नाही. दिला तर बाळाची ऊब जाते म्हणतात. माझ्या सासूने पाळला, मी पाळला.

आठव्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, पारूबाई अंगणात आली. तेव्हा तिचे वय वीस-बावीस असेल. डोक्यावर इरले, आणि इरल्याच्या आत, पाऊस लागू नये म्हणून छातीशी धरलेले एक खापर. ती अंगणातच उभी राहिली. त्या वेळी त्यांच्या माणसांनी ओटीला शिवायचे नाही असे होते, आणि ते चुकीचे आहे असे मला तेव्हा वाटत नव्हते.

"मायबाई," ती म्हणाली, "येवढा इस्तू द्या. लेकरू गारठलंया."

मी आधी ती दिसलीच नाही असे केले. दारात उभी राहून मी तिच्या डोक्यावरून ओढ्याकडे बघत होते. मघाशी लिहिले ना, की अजून कुणी पाहिलेले नाही. रतन ते म्हणाली तेव्हा मला हेच आठवले. कुणी पाहिले नाही म्हणजे तिथे कुणी नाही असे होत नाही, हे मला शाळेत न जाता माहीत होते.

तिने पुन्हा हाक मारली. मग मी म्हटले, "घरात बाळंतीण हाय. बाराव्याच्या आत इस्तू भाईर जात न्हाई. चार दिसांनी ये."

तिने रिकामे खापर तसेच छातीशी धरले. मग गेली. तिचे सहा महिन्यांचे लेकरू तिसऱ्या दिवशी गेले.

बाराव्या दिवशी मी रतनचे बारसे केले आणि वाडीभर घुगऱ्या वाटल्या. खालच्या आळीलाही पाठवल्या. पारूबाईच्या दारातून त्या तशाच परत आल्या.

इथवर लिहिले असते तर रिवाजाचा दोष निघाला असता आणि मी सुटले असते. आजवर मी ते असेच धरून ठेवले होते. कुंडलिकरावही म्हणाले, आजी, तेव्हा रिवाजच तसा होता. तर पुढचे लिहून घ्या म्हटले.

त्याच आठव्या दिवशी सकाळी, पारूबाई येण्याच्या आधी, अंबूबाई मागच्या दाराने आली होती. तिचीही चूल विझलेली. मी तिला लोखंडी सराताभर निखारे दिले. ती भावकीतली, दिले नसते तर बारशाला रुसून बसली असती आणि पाळणा म्हणायला तिच्यासारखा आवाज दुसरा नव्हता. मागचे दार म्हणजे काही बाहेर नव्हे, असे मी स्वतःला सांगितले. रतनला काही झाले नाही. तिला साधी सर्दी झाली नाही. रिवाज मी सकाळी मोडला होता आणि दुपारी पाळला. अंबूबाईला हे माहीत आहे, आणि मला वाटत होते की आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.

गेल्या कार्तिकात ओढ्यावर पारूबाई भेटली. मी तिला दुसऱ्यांदा खाचराचे विचारले. सरळ विचारवेना म्हणून मी रतनच्या ताऱ्यांपासून सुरुवात केली. जळण संपलेला तारा, निखारा, भोवती बसलेले जीव, पुढे सरकता येत नाही, सगळे सांगितले. तिने हंडा खाली ठेवून नीट ऐकले. मग म्हणाली, "आन् त्यांच्यात लांब कुणाला बशिवलंय, त्ये सांगितलं का तुमच्या नातीनं?"

मी म्हटले, रतन म्हणते कुणी बसवत नाही, जो जिथे पडला तिथे पडला.

"मंग ती बरी मान्सं," पारूबाई म्हणाली. "आन् त्या खाचराचं मला पुन्यांदा बोलू नगा."

कलम सातवे. हे कलम ठरलेले नव्हते. सहावे लिहून होत असतानाच पारूबाई आली. सोबत पोलीस पाटील आनंदराव होते, त्यांना मी साक्षीसाठी बोलावले होते. मी तिला ओटीवर येऊन घोंगडीवर बसायला सांगितले. ती म्हणाली, "हितंच बरी हाय," आणि अंगणात उभी राहिली. आता तिला ओटीवर यायला कुणाची मनाई नाही, कायदाही तिच्या बाजूचा आहे. तिने ती जागा आपल्या मर्जीने धरली. मग मी ओटीवर बसून राहणे बरे दिसेना. सोपानने हात दिला आणि मी खाली उतरून तिच्यासमोर अंगणात पाटावर बसले.

कुंडलिकरावांनी तिसरे, चौथे, पाचवे, सहावे अशी चार कलमे मोठ्याने वाचली. सोपान हे प्रथमच ऐकत होता. सगुणा दाराआड होती. मागच्या दाराचे वाचून झाले तेव्हा मी पारूबाईकडे बघितले नाही.

तीच बोलली. "अंबूबाईच्या कौलातनं धूर निगत हुता. जाताना मी बगितला हुता."

म्हणजे तिला तीस वर्षे माहीत होते. ती माझ्या शेतात भात लावायला आली नाही, लग्नकार्यात जेवायला आली नाही, आणि मी समजत होते की ही रिवाजावर रागावली आहे.

मी तिला म्हटले, पारू, खाचर घे. ती म्हणाली, "त्ये घेतलं की तुमी मोकळ्या. मी न्हाई तुमाला मोकळं करनार." हे ती शांतपणे म्हणाली, भाव सांगावा तसे. आवाज वर गेला नाही.

मग ती कुंडलिकरावांना म्हणाली की जे वाचले ते कागदावर असेच राहणार का, की म्हातारी गेल्यावर कुणी दुसरा कागद करील. कुंडलिकरावांनी सांगितले की दोन साक्षीदारांनी सही केली की तो पक्का होतो. एक आनंदराव आहेत, एक अजून पाहिजे. ती म्हणाली, मग मी आहे. त्यावर कुंडलिकरावांनी तिला समजावले की ज्याला मिळकत द्यायची त्याला साक्षीला घेत नाहीत, पुढे वाद निघतो. खाचर तरी घ्यावे लागेल किंवा साक्ष तरी द्यावी लागेल. दोन्ही एका माणसाला जमणार नाही. घरी जाऊन मुलाला विचारा, हवे तर उद्या सांगा, असेही ते म्हणाले. तिने विचार करायला वेळ घेतला नाही.

"साक्ष," ती म्हणाली.

सबब कलम तिसरे रद्द समजावे. ते खोडू नये, नुसते रद्द समजावे. मी देऊ केले होते आणि तिने घेतले नाही, हे दोन्ही दिसले पाहिजे.

मला वाटले होते की हो किंवा नाही काहीही कळले तरी हलके वाटेल. तसे झालेले नाही. कुंडलिकराव विचारतात हे लिहायचे का. लिहा.

कलम आठवे. वळणावरचे खाचर आता माझी नात रतन हिला द्यावे. सोपान, तू तोंड पाडू नकोस, तुला घर दिले आहे. रतन, आज सोमवार, तू शाळेत आहेस आणि हे तुला माझ्या पाठीमागे वाचायला मिळेल. तू तेव्हा आठ दिवसांची होतीस, तुझ्यावर यातले काही येत नाही. पण शेगडी तुझ्या खाटेखाली होती, हे तुला माहीत असावे. पारूबाई तुझ्याशी बोलते, तुझ्याकडून तिने नातवाला शाळेची पुस्तके घेतली. ते तुझ्यामुळे, माझ्यामुळे नव्हे. हे वाचल्यावर तू तिच्याकडे जाशील तर खाचराची गोष्ट काढू नकोस. पोरींना तारे शिकवायचे सोडू नकोस. निखाऱ्याभोवती कुणी सापडले तर मी असेन-नसेन, माझ्या नावाने मोठ्याने सांग. नाही सापडले तरी बघत राहा. दुर्बिणीला दिसत नाही म्हणून कुणी मान वळवू नये.

कलम नववे. माझे दिवस साधेपणाने करावेत. गावजेवण घालू नये. अंबूबाई रडायला येईल, तिला रडू द्यावे, आवाज चांगला आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे शेवटचे. मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. कायद्याचे शब्द समजले नाहीत, पण ते निरुपद्रवी दिसतात. अंगठा देण्याआधी मी पारूबाईस विचारले की यात काही कमीजास्त आहे का. ती म्हणाली, "लेकरू लेकरू काय लिवलंय? नाव हुतं त्याला." मी विचारले, काय होते. ती म्हणाली, तुम्हाला सांगत नाही, माझी सही करताना मी लिहिते. प्रौढांच्या वर्गात ती लिहायला शिकली, हे मला आज समजले.

तिने लिहिलेले मी वाचू शकणार नाही. कुंडलिकरावांनी ते मला आज वाचून दाखवू नये.

ठिकाण : मौजे खडकवाडी, वेल्हे महाल, जिल्हा पुणे
तारीख : १८ फेब्रुवारी १९७४, वार सोमवार, माघ वद्य पक्ष, शके १८९५

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : भामाबाई कोम गेनबा भुरुक
अंगठ्याची ओळख देणार व दस्त लिहिणार : कुंडलिक, अर्ज-लेखक, मुक्काम वेल्हे

आम्हा साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवणार यांनी अंगठा केला व त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार पहिले : आनंदराव, पोलीस पाटील, मौजे खडकवाडी (सही)

साक्षीदार दुसरे, स्वतःच्या हाताने :
पारूबाई कुशाबा सोनवणे. वरचं खरं हाय. मी आंगणात उबी हुते. माज्या मुलाचं नाव लहानू कुशाबा सोनवणे.